रुचीच्या मामाची शपथ

“हॅलो?… हॅलो… कोन?… अवो, आवाज तुटून राहिला… थांब, मी हापशीकडे येतो… हां. आता बोल. कोन, निर्मला काय?… हाव, ओळखला वो आवाज. पन तू इतक्या हळू काऊन बोलून राहिली? घरात कोनी निजलं आहे काय?”

दवनीवाड्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा हिरालाल सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून खाटेची दोरी ताणत होता. भाचीचे लग्न चार दिवसांवर आले होते, आणि पाहुण्यांना निजायला खाटा अपुऱ्या पडतील हे जाणून त्याने घरातल्या जुन्या खाटा दुरुस्तीला काढल्या होत्या. वास्तविक पंचायत समितीच्या निवडणुकीचा निकाल लागल्यापासून बहीण-भावांत एक शब्दही झाला नव्हता. परंतु लग्नासारखे कार्य दाराशी आले की रुसवे आपोआप उतरतात, या जुन्या अनुभवावर विसंबून तो निर्धास्त होता. बहिणीचा आवाज ऐकताच आपला अनुभव खरा ठरला असे त्याला वाटले, आणि तो प्रसन्न झाला.

“साडी?… आनली ना. गोंदियातून आनली. तुही वहिनी अर्धा दिवस दुकानात बसली होती, दुकानदार चहा पाजून पाजून थकला… नाही, नाही, मोरपंखी नाही घेतली. अवो, ऐक ना! रुचीनंच सांगतलं होतं दुर्गाले, डाळिंबी पाह्यजे म्हनून… हाव, मामाची साडी, पन पसंती मामाची नाही. आता असंच राहते… आनि खाटा विनून राहिलो. ट्रॅक्टरवर टाकून धाडतो… काऊन? कायले नको?… निर्मला, तू रडून राहिली काय?”

त्याने दोरीचे टोक पायाच्या अंगठ्यातून सोडले होतेच. आता हातात तसेच आलेलेही खाली ठेवले.

“हे पाह्य, नवरीच्या मायनं लग्न लागल्यावर रडाचं राहते. सारं पानी आताच सांडलं तर तेव्हा काय करशील?… बरं, नाही करत मजाक. बोल. बोलून टाक… कोन म्हने?… जवाईबापू म्हने?… काय म्हने, पुन्हा सांग… हनुमानाच्या देवळात याचं… चार मानसांसमोर… नारळावर हात ठेवाचा… आनि म्हनाचं का मी कपबशीलेच मत देलं. मंगच मांडवात उभं राहाचं. असं म्हने?… आनि नाही म्हटलं तर?… गुलाबचंद? आपला चुलत गुलाबचंद? तो राहीन उभा मामा म्हनून?… बरं. बरं बाप्पा.”

त्या प्रदेशात मुलगी बोहल्याकडे निघाली की तिला घेऊन येण्याचा आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहण्याचा मान मामाचा असतो. तो मान म्हणजे नुसती शोभा नव्हे. ‘हिच्या आईच्या माहेरचे दार अजून उघडे आहे’ अशी ती भर मांडवात दिलेली ग्वाही असते. सख्खा मामा हयात असताना चुलत मामा उभा राहिला, तर पंगतीतला प्रत्येक पाहुणा शेजाऱ्याच्या कानाशी लागतो. आणि त्या कुजबुजीचा भार आयुष्यभर मुलीने वाहायचा असतो.

निर्मलाबाईचे यजमान, म्हणजेच हिरालालचे जवाईबापू, रामलाल हे पंचायत समितीला कपबशी या चिन्हावर उभे होते. समोर छत्री या चिन्हावर त्यांच्याच गावच्या शकुंतलाबाई. रामलाल थोडक्या मतांनी पडले. मोठा पराभव माणूस दैवावर ढकलून मोकळा होतो. थोडक्या मतांचा पराभव मात्र त्याला ओळखीच्या चेहऱ्यांत शोधावासा वाटतो. रामलालांनी तो शोध आरंभला होता, आणि त्यांचे बोट येऊन थांबले होते ते मेहुण्यावर.

“नाही वो, रागावलो नाही. हासू आलं मले… आता हासू नको तर काय करू? साऱ्या मुलखाले झालं काय, सांग. मागच्या आठवड्यात छत्रीवाल्या उदारामकडे गेलो, तर चहा आला ग्लासात. म्हटलं, कपबशा फुटल्या काय गा तुमच्या? त्याची बायको म्हनते, ‘माळ्यावर टाकल्या, घरात दिसल्या का यायचं डोस्कं फिरते.’… हास, हास. आनि तुमच्याकडचे काय कमी आहेत? रुचीच्या साक्षगंधाले ते अवकाळी पानी आलं, तर तुह्या दिराच्या डोक्यावर प्लास्टिकचं पोतं! घरात छत्री होती का नाही?… होती ना? मंग! तापानं फनफनला, पन छत्री नाही उघडली. याले म्हनते इमान!”

पलीकडे बहीण हसली. हसता हसता तिचा हुंदका निसटला. दाराच्या चौकटीत दुर्गा, हिरालालची बायको, हातात सूप घेऊन उभी राहिली होती. बोलण्याचा रोख तिच्या ध्यानात आला होता. फोटोचा विषय आता निघणार, हे तिने ओळखले. आणि तो निघालाच.

“हाव. तो फोटो खरा आहे. मी कधी म्हटलं खोटा आहे?… गुलाल उदारामनं लावला. छत्रीची मिरवनूक माह्या दारावरून गेली, मी दारात उभा होतो. आता मी माह्याच दारातून पळून जाऊ काय?… ऐक ना. पुरं ऐक. आम्ही दोघं एका तळ्यात म्हशी धुतलेले. तो धावत आला, गळ्यात पडला, त्याच्या हातात गुलाल होता म्हनून गुलाल लागला. चिखल असता तर चिखल लागला असता. कोन्या पोट्ट्यानं फोटो काढला आनि टाकला स्टेटसवर… हाव, मी हासून राहिलो आहो त्या फोटोत. मानूस गळ्यात पडला तर हासू नको?… ‘ज्याच्या घरचा मानूस हरला तो हासते कसा’ — असं म्हनते जवाईबापू?… निर्मला, मी दुसऱ्याच दिवशी आलो होतो ना भेटाले. तुले माहीत आहे. आतून टीव्हीचा आवाज येऊन राहिला होता, आनि दार कोनी उघडलं नाही… तू होती काय घरात?… जाऊ दे. नको सांगू.”

दुर्गाने सूप खाली ठेवले. बोलणे पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तिने केवळ ओठांनी दोन शब्द म्हटले: घ्या शपथ. आणि तळहात उपडा करून, नारळावर ठेवावा तसा, हवेत दाबून दाखवला.

तिच्या या आग्रहाला आधार होता. मतदान करून परतताना वाटेतच हिरालालने तिला सांगितले होते की आपण कपबशीचे बटण दाबले. त्यात रामलालांच्या गुणांचा हिशेब नव्हता की शकुंतलाबाईंच्या दोषांचा. बहिणीचा नवरा उभा आहे, एवढेच कारण त्याला पुरले होते. म्हणजे मागितलेली शपथ खरी होती. देवाला भ्यायचे कारण नव्हते, माणसांना तर नव्हतेच. हात ठेवायचा, एक वाक्य उच्चारायचे, आणि भाचीच्या पाठीशी जाऊन उभे राहायचे. परंतु हिरालाल हा गोष्ट खरी आहे तेवढ्यावरून ती बोलावी असे मानणारा गृहस्थ नव्हता. कोण विचारतो, कशासाठी विचारतो, आणि उत्तर दिल्याने आपण आणखी काय काय कबूल करून बसतो, याचा तो फार वेळ विचार करी. आणि त्यामुळे गावात त्याची कीर्ती ‘वाकडा’ अशी होती.

“दुर्गा, थांब जरा… नाही, तुले नाही म्हटलं, वहिनीले म्हटलं… हे पाह्य निर्मला, मी कोनाले मत देलं ते मले माहीत आहे, आनि सांगाले एक क्षन बी लागत नाही… मंग काऊन सांगत नाही? हाव, तेच सांगून राहिलो, तू बोलू देशीन तेव्हा ना! समज, मी देवळात आलो, हात ठेवला, ‘कपबशी’ म्हटलं. जवाईबापू खूश. ठीक. आता दुसरी बाजू घे. समज, मी छत्रीले देलं असतं. तर मी रुचीचा मामा नसतो काय?… सरळ सांग. असतो का नसतो?… ‘तसं नाही दादा’ नको म्हनू, तसंच आहे. अवो, मामा होते तो मायच्या पोटून. मशीनच्या बटनातून मामा निघत नाही!”

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतके आवडले की तो क्षणभर थांबला. पलीकडून मात्र दाद आली नाही. आला तो त्रासलेला, भरभर शब्दांचा लोंढा. त्याने तो पुरता ऐकून घेतला.

“हाव… हाव… समजते मले. वेडा नाही मी. गावागावात फिरला मानूस, पायाले फोड आले, आनि थोडक्यात हरला. बाजारात जाते तर लोकं दुरूनच तोंड फिरवते, का मंग फोटोसारखे हासते. दुख आहे. मोठं दुख आहे, मी नाही म्हनत नाही. पन दुखावर शपथ हे औषध नाही ना वो… अवो, असं पाह्य. पोलिसानं विचारलं, ‘तू चोरी केली काय?’ ज्यानं नाही केली तो म्हनते, ‘नाही साहेब, देवाच्यान नाही.’ बरोबर? म्हंजे चोरी वाईट आहे हे विचारनारा बी मानते आनि सांगनारा बी मानते. आता मी नारळावर हात ठेवून म्हटलं, ‘देवाच्यान, मी छत्रीले नाही देलं’, तर मी काय कबूल केलं? का छत्रीले देनं म्हंजे चोरी आहे. उदाराम चोर, त्याची बायको चोर, अर्धा मुलूख चोर. मी नाही कबूल करत… मले वकिली शिकवू नको म्हने! अवो, मी तुले काय शिकवू, तूच मले फोन केला.”

तो हापशीभोवती फेऱ्या घालू लागला. वादात रंग भरला की त्याचे पाय जागी राहत नसत. आणि याच भरात तो त्या नावापाशी आला, जे टाळले असते तर बरे झाले असते.

“आनि शकुंतलाबाईनं तुहं काय वाईट केलं, ते सांग… निवडून आली हे सोडून सांग… बोलत नाही तू तिच्याशी?… रस्ता बदलते? ती समोरून आली तर तू रस्ता बदलते? निर्मला! गोंदियाच्या दवाखान्यात तू पडली होती तेव्हा तुह्या उशाशी कोन बसली होती? तुही जाऊ? का मी? मी तर बाहेर बाकड्यावर घोरत होतो. ती बसली होती. तुहे केस विंचरले तिनं… मले चूप नको बसवू… ‘यायनं सांगतलं म्हनून’ — हाव, जवाईबापूनं सांगतलं म्हनून तू रस्ता बदलला. पन पाय तर तुहे होते ना?”

पलीकडे निर्मलाच्या मागे मांडवाचे खांब ठोकल्याचा आवाज येत होता. कोणी तरी कोणाला तरी सुतळी मागत होते. आपण फार बोललो असे हिरालालला वाटले, आणि रीतीप्रमाणे त्याने सारवासारव विनोदाने करायचे ठरवले.

“बरं, जाऊ दे. ऐक, ऐक. पुढचं पाह्य आता. माह्यावर थांबन काय हे? आज मामाचा नारळ. उद्या रुचीच्या काकाले म्हनन, ‘तू पोतं घेतलं डोक्यावर ते ठीक, पन हात ठेव.’ मंग बँडवाल्याले: ‘थांब गा, आधी सांग कोनाले देलं, मंग वाजव.’ आनि तो म्हनन, ‘साहेब, मी दोन्हीकडच्या मिरवनुकीत वाजवलं!’… हां, हासली ना?… भात शिजवनाऱ्या बाया येतीन, त्यायचा नारळ. एकदा नारळ उचलला ना, का तो हातोहात फिरते. आनि शेवटी उरन कोन? घरची मानसं. लोकेशले विचारन, पोटचा पोरगा आहे तरी. तुले विचारन. तू घेशीन शपथ?…”

तो एक फेरी पुरी करून वळला.

“निर्मला?… घेशीन काय वो?… हॅलो?… हॅलो, रेंज गेली काय…”

त्याने फोन कानावरून काढून पाहिला. पडद्यावर वेळ पुढे सरकत होती. तार तुटलेली नव्हती. त्याने तो पुन्हा कानाला लावला. पलीकडे खांब ठोकण्याचा आवाज पूर्वीसारखाच स्पष्ट येत होता, आणि त्या आवाजाच्या अलीकडे, अगदी कानाशी, एक श्वास. रडण्याचा नव्हे, रडणेसुद्धा थांबवून धरलेला.

बहिणीचा असा श्वास त्याने पूर्वी ऐकला होता. लहानपणी आई काही विचारी आणि निर्मला खोटे बोलू इच्छित नसे, तेव्हा ती असाच श्वास कोंडून उभी राही. आईने प्रश्न मागे घेतला तरच तो सुटे.

“नको. नको सांगू… मी विचारलंच नाही. समजलं काय? मी बँडवाल्याचं बोलत होतो… डोळे पूस. कोनी आलं तर म्हन, वहिनीशी बोलून राहिली… अवो, श्वास घे आधी.”

त्याच्या फेऱ्या थांबल्या. आतापर्यंत तो एका तत्त्वासाठी भांडत होता. आणि तत्त्वासाठी भांडण्यात जे सुख असते तेही, खरे सांगायचे तर, त्याला थोडेफार लाभत होते. कदाचित दुर्गाने संध्याकाळपर्यंत तगादा लावला असता, रुचीने स्वतः फोन केला असता, तर त्याने कुरकुरत का होईना पण नारळावर हात ठेवला असता. आता ती वाट बंद झाली. संशयाला एक ठिकाण लागते. तो आज हिरालालच्या दारी मुक्कामाला होता; तिथून त्याला उठवले, तर तो दुसरे घर धुंडाळणार. आणि रामलाल दिवा घेऊन गावभर फिरले काय नि न फिरले काय, ते घर त्यांच्याच उंबरठ्याच्या आत होते.

“ऐक आता. नीट ऐक. मी शपथ घेत नाही. पयले बी घेत नव्हतो, आता तर बिलकुल घेत नाही. जवाईबापूले माह्यावर संशय आहे ना? तो माह्यावरच राहू दे. मजबूत आहे मी, मले काही होत नाही… समजलं ना मी काऊन म्हनून राहिलो?… हां… गुलाबचंद उभा राहते तर राहू दे. चांगला आहे मानूस. उंच आहे, फोटोत बरा दिसन… नाही वो, मले कायचं वाईट वाटते…”

परंतु त्याला वाईट वाटत होते. रुची लहान असताना सुट्टीत आजोळी येई. तिला खांद्यावर बसवून तो तळ्याच्या पाळीवरून चाले. मामाच्या डोक्यावरचे केस मुठीत धरून ती पाण्यावरच्या पाखरांना हुकूम सोडी. ‘तुह्या लग्नात बी असंच उचलून नेतो’ असे तो म्हणे, आणि ‘तेव्हा मी जड होईन’ असे ती गंभीरपणे उत्तर देई.

दुर्गाने पुन्हा तळहात उपडा केला. त्याने मान हलवून ‘नाही’ म्हटले; पण या वेळी त्यात वादाचा आवेश नव्हता. दुर्गा चमकली. नवऱ्याचा हट्ट तिला परिचित होता. त्याचे हे शांत ‘नाही’ मात्र तिने क्वचितच पाहिले होते.

“कोन आलं?… कोनाले दे म्हनते?… हॅलो. कोन, जवाईबापू?… रामराम. रामराम… बरा आहो. तुम्ही?… हाव, निर्मलानं सांगतलं सारं… नाही, रागाची गोष्ट नाही. ऐकून राहिलो, बोला तुम्ही…”

रामलालांचा आवाज अपेक्षेपेक्षा मऊ होता. त्यांनी एक पायरी खाली उतरून तोडगा आणला होता. देऊळ नको, नारळ नको, चार माणसे नकोत. त्यांच्या मनातला काटा निघावा एवढीच त्यांची मागणी होती. फोनवर, दोघांतच, एक शब्द.

“आता तुम्ही फारच सोपं करून राहिले… ‘हो’ का ‘नाही’, येवढंच?… विश्वास आहे ना, तुमच्या शब्दावर पुरा विश्वास आहे. तुम्ही कोनाले सांगनार नाही, मले माहीत आहे…”

सोपे झाल्यामुळेच ते अवघड झाले होते. ‘हो’ हा शब्द खरा होता, आणि तो त्याच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबलाही होता. रामलालांच्या बाजूला बहीण उभी असणार, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत, हेही त्याला दिसत होते.

“…नाही, जवाईबापू. नाही सांगत. तुम्हाले जे वाटते ते वाटू द्या… उलटा अर्थ घ्या, सुलटा घ्या, माही तक्रार नाही. तुम्ही हरले त्याचं मले दुख आहे, हे मातर खरं माना… नाही, घमेंड नाही. कायची घमेंड?… बरं. नाही येत मांडवात. गुलाबचंदले उभं करा. पन साडी मी घेऊन येतो. आनि पंगतीत वाढाले उभा राहतो. तिथं तर कोनी काही विचारत नाही. भाताचं टोपलं देजा माह्या हातात, कोपऱ्यात…”

त्यानंतर जे आले ते त्याला एकदा ऐकून पुरले नाही.

“काय म्हटलं?… पुन्हा म्हना… माह्या हातचा भात तुमच्या पाहुन्यांच्या घशाखाली उतरनार नाही. असं म्हटलं तुम्ही?…”

सपरीच्या आढ्यावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता. ‘भात’ हा शब्द या मुलखात साधा नव्हे. इथे शेतात भात, अंगणात भात, कोठारात भात. बोलणे खुंटले, कोर्टकचेरी झाली, भाऊ वेगळे निघाले, तरी एकमेकांच्या हातचा भात कोणी नाकारत नसे. तो नाकारला जाई तो फार जुन्या आणि फार काळ्या कारणांसाठी; त्या कारणांची लाज वाटण्याइतके शहाणपण लोकांना आता कोठे येऊ लागले होते. आणि ते सगळे एका बटणावरून परत यावे!

“बरं… बरं, जवाईबापू. तुम्ही रागात आहा. मी ऐकलं नाही असं समजतो… नाही, काही म्हनाचं नाही मले. निर्मलाले द्या जरा.”

फोन हातातून हातात गेला. रामलालांच्या जड पावलांचा आवाज दूर होत गेला.

“निर्मला… ऐकलं काय तू?… हाव, बोलले. रागात मानूस बोलते, तू मनावर नको घेऊ… अवो, भात नाही वाढला तर काय, मी जेवाले तर येऊ शकतो!… हास ना… काय?… काय सांगते म्हनते तू?… त्यायले? आता?… नाही. बिलकुल नाही. चार दिवसांवर लग्न आहे, येडी झाली काय!… म्हंजे काय ‘तूच म्हटलं’? मी काय म्हटलं?…”

ती काय म्हणत होती ते त्याला पुरते कळत होते. फक्त ते आपलेच बोलणे आहे हे पचवायला त्याला वेळ लागत होता.

“हाव, म्हटलं मी, का चोरी नाही… चोरी नाही तर चोरावानी लपू काऊन… अवो, पन ते मी माह्यापुरतं म्हटलं होतं. तुहं वेगळं… वेगळं कसं नाही? तुले त्या घरात राहाचं आहे! मले काय, मी इथं हापशीजवळ उभा राहून मोठ्या मोठ्या गोष्टी करून राहिलो… ऐक ना. गुप्त ठेवाचा तुले हक्क आहे. कायद्यानं देला आहे. नवरा विचारो का देव विचारो… काय?… हाव. हक्क आहे, सक्ती नाही. बरोबर बोलली… बरोबर बोलली म्हनून कर म्हटलं काय मी!”

आयुष्यात पहिल्यांदाच हिरालाल वादात मागे हटत होता. आणि ज्या धाकट्या बहिणीला त्याने बोट धरून शाळेत नेले होते तिने त्याला त्याच्याच शब्दांनी हरवले होते, याचा त्याला राग यावा की अभिमान वाटावा हेही ठरेना. ती आता कुजबुजत नव्हती. इतका वेळ दबलेला तिचा आवाज मोकळा, घरातल्या बाईचा आवाज झाला होता. तिचे म्हणणे थोडके होते: भाताचा जो नकार माझ्या वाट्याचा होता तो तुझ्या पदरात पडला, आणि तो मी तिथे राहू देणार नाही.

“निर्मला, लग्न होऊ दे… रुची सासरी गेली का सांग, मी येतो तेव्हा, मी बसतो बाजूले… बरं, आजच सांगाचं ना? मंग थांब. मी मोटरसायकल काढतो, निघालोच समज, मी येईपर्यंत काही बोलू नको… कबूल? कबूल काय?… अवो बोल ना… निर्मला! निर्मला, फोन…”

तिने फोन बंद केला नव्हता. बहुधा तसाच हातात धरून ती निघाली होती. बांगड्यांचा आवाज आला, मग पायऱ्या उतरल्याचा. खांबावरचे ठोके थांबले. आणि मग दुरून, पण अगदी स्वच्छ, तिने नवऱ्याला मारलेली हाक ऐकू आली.

दुर्गा एव्हाना अगदी जवळ आली होती. तिने न विचारता आपला कान फोनच्या मागच्या बाजूला टेकवला. पलीकडे रामलालांनी ‘काय’ म्हणून विचारले. आता पुढचे वाक्य यायचे होते.

हिरालालने फोन कानावरून खाली घेतला. दुर्गा त्याच्या हाताला धरून तो वर ओढू लागली.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी तिले म्हटलं ना, का मी विचारलंच नाही. मंग आयकाचं बी नाही.”

आणि त्याने लाल खुणेवर अंगठा दाबला.

“चाबी दे मोटरसायकलची. आनि लुगडं बदल, तूबी चाल… काऊन म्हनून विचारू नको. रुचीले मामा कोनता भेटते ते पाहू मंग. निर्मलाले आता भाऊ लागन.”